घरची मोटार व वेगाचा हिशेब

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दहावीच्या वर्गाच्या पदार्थविज्ञानाच्या वह्या आम्ही तपासावयास घरी आणल्या होत्या. विद्यार्थी वहीची पुढील पाने शिक्षकांसाठी लिहितो व शेवटचे पान स्वतःसाठी लिहितो, हे इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात आम्हांस कळून चुकले आहे. म्हणून शेवटचे पान आम्ही सहसा उघडीत नाही. परंतु त्या दिवशी एक वही हातून निसटली व उताणी पडली. शेवटच्या पानावर मोटारीचे एक सुबक चित्र असून त्याखाली पुढील हिशेब मांडलेला होता: ‘बाबांची गाडी, 80 अश्वशक्ती, वेग ताशी 160 किलोमीटर. यंत्रात सुधारणा केल्यावर 160 अश्वशक्ती. म्हणून वेग ताशी 320 किलोमीटर.’ त्रैराशिक बिनचूक होते. अक्षरही चांगले होते. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी तीन शब्द होते: ‘नवा बायपास, पहाटे.’

आम्ही लाल शाईची लेखणी खाली ठेवली व दुसऱ्या दिवशी त्या मुलास मधल्या सुट्टीत बोलावून घेतले. मुलगा सालस, खोटे बोलणारा नव्हे. त्याचा मामेभाऊ एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम शिकत होता, व शहराबाहेरील नवा रस्ता वाहतुकीस खुला होण्यापूर्वी एके पहाटे आपली विद्या अजमावून पाहावी असा दोघांचा बेत होता. ‘सर,’ तो म्हणाला, ‘अमेरिकेत मिठाच्या मैदानावर साधी माणसे घरच्या मोटारी नेऊन पळवितात. तिकडे त्यांना कोणी वेडे म्हणत नाही.’

यात त्याचे काय चुकले होते? साधी माणसे घरच्या मोटारी तेथे नेतात ही गोष्ट सर्वस्वी खरी आहे. त्यांना आम्हीही वेडे म्हणणार नाही. परंतु ती माणसे तेथे काय करतात, कशी करतात व कोणत्या गोष्टींस भितात, हे त्या मुलास ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांसही पुरते ठाऊक नव्हते. पुढील काही आठवडे आम्ही तो विषय वाचला व हिशेब करून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

जमिनीवरील वेगाचा पहिला नोंदलेला उच्चांक इ. स. 1898 च्या डिसेंबर महिन्यातील आहे. फ्रान्समध्ये पॅरिस शहराजवळील आशेर येथे गास्तों द शासलू-लोबा या सरदाराने विजेवर चालणारी मोटार ताशी सुमारे 63 किलोमीटर वेगाने हाकली. आपली एस. टी.ची गाडी सपाट रस्त्यावर यापेक्षा अधिक वेगाने जाते व तीत बसलेले गृहस्थ त्या वेळी डुलक्या घेत असतात. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या कामीय जेनात्सी याने ताशी 105 किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. त्याचीही मोटार विजेचीच होती. तेथून हा क्रम चढत गेला, आणि 15 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेतील ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश वैमानिकाने दोन जेट यंत्रे बसविलेली गाडी ताशी 763 मैल वेगाने नेली. म्हणजे ध्वनीलाही तिने मागे टाकले. परंतु तो राजवाड्यातील मेजवानीचा प्रकार झाला. आमचा विषय घरच्या चुलीचा आहे.

हौशी माणसांच्या वेगस्पर्धेचे माहेर दक्षिण कॅलिफोर्निया होय. तेथील मोहावी वाळवंटात काही तळी अशी आहेत की पावसाळ्यात त्यांत वीतभर पाणी साचते व उन्हाळ्यात ते आटून तळाचा गाळ फरशीसारखा टणक व सपाट होतो. म्युरॉक व एल मिराज ही त्यांपैकी दोन. 1932 साली फोर्ड कंपनीने आठ नळकांड्यांचे, 65 अश्वशक्तीचे यंत्र बसविलेली स्वस्त मोटार विक्रीस काढली. ती जुनी होऊन मोडीच्या भावात मिळू लागताच कारखान्यांतील तरुण कामगारांनी ती हाती घेतली. चाकांवरील पत्रे काढून टाकावे, पुढील काच काढावी, यंत्राचे डोके तासावे, आणि रविवारी तळ्यावर जावे, असा त्यांचा परिपाठ असे. प्रारंभी पुष्कळ मोटारी एकाच वेळी ओळीने सोडीत. पुढे गेलेल्याची धूळ मागच्याच्या डोळ्यांत जाई, आणि धुळीत पुढे काय आहे हे आदळल्यावरच कळे. अशा रीतीने माणसे जायबंदी झाली व मेलीही. अखेर 1937 साली निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ नावाची संस्था काढली. हिने हळूहळू घड्याळ, नियम व तपासणी या तीन गोष्टी आणल्या. मोटारींची परस्परांशी झुंज संपली व प्रत्येक मोटारीची झुंज घड्याळाशी सुरू झाली. हा बदल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. शेजारी प्रतिस्पर्धी धावत असता माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. घड्याळ मात्र कोणास चिडवीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात म्युरॉकचे तळे सैन्याच्या विमानदळाकडे गेले. युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या तरुणांना यंत्रे अधिक कळत होती व स्वस्त सामान मुबलक मिळत होते. बिल बर्क नावाच्या एकाने 1946 साली लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगावयाची तेलाची टाकी विकत आणली, तीत मोटारीचे यंत्र व स्वतःस बसविले आणि खाली चार चाके लावली. टाकीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, हवा कापीत जाणारा होता. पुढे कित्येकांनी त्याचे अनुकरण केले. 1949 च्या ऑगस्ट महिन्यात ही मंडळी प्रथमच यूटा संस्थानातील बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर जमली, व तेव्हापासून तेथील ‘वेगसप्ताह’ दरवर्षी भरू लागला.

हे मैदान समजून घेण्यासाठी उरण किंवा भाईंदरकडील मिठागरे डोळ्यांपुढे आणू नयेत. तेथे समुद्राचे पाणी बांधात कोंडून माणूस मीठ पिकवितो. बॉनेव्हिल समुद्रापासून कित्येक कोस दूर असून समुद्रसपाटीहून सुमारे 4,200 फूट उंच आहे. हिमयुगात तेथे एक प्रचंड सरोवर होते. ते आटले व खाली मिठाचा पांढरा थर राहिला. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी पसरते, वारा ते पाणी इकडून तिकडे लोटतो व उन्हाळ्यात ते वाळून मैदान पुनः गुळगुळीत होते. म्हणजे सृष्टी दरवर्षी तो रस्ता स्वतः सारवून देते. मात्र सारवण नेहमीच मनासारखे होते असे नाही. 2014 व 2015 या दोन्ही वर्षी, आणि पुनः 2022 मध्ये, पाणी व चिखल यांमुळे वेगसप्ताह रद्द करावा लागला. मिठाचा थर पूर्वीपेक्षा पातळ झाला आहे ही तेथील लोकांची मोठी चिंता आहे.

मीठ डांबरी रस्त्यासारखे चाकास धरून ठेवीत नाही. त्यात ओलावा असतो, वरचा थर भुरभुरीत असतो. यंत्राची शक्ती वाढवावी तर मागची चाके जागच्या जागी गरगरतात व मोटार पुढे जात नाही. यावर तेथील लोक जो उपाय करतात तो ऐकून आमच्या वर्गात हशा पिकला होता. ते मोटारीत शिशाचे ठोकळे भरतात. वेगासाठी गाडी हलकी करावी असे आपण समजतो. पण चाकाची पकड चाकावरील भारावर अवलंबून असते, आणि पाच मैलांची सरळ वाट असल्यावर वेग सावकाश वाढला तरी बिघडत नाही. म्हणून तेथे जड मोटार फायद्यात राहते. डोळ्यांचीही तेथे फसगत होते. चोहीकडे पांढरे शुभ्र मैदान, ना झाड ना खांब. बाजूने काही मागे सरकत नसल्यामुळे आपण किती वेगाने जात आहो हे चालकास नजरेने कळत नाही.

आता त्या मुलाच्या हिशेबाकडे वळू. अश्वशक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट का होत नाही? मोटार ज्याच्याशी झगडते ते मुख्यतः हवेशी. सकाळी सायकलवरून शाळेत येताना समोरून वारा असला म्हणजे काय होते हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. वेग दुप्पट झाला की त्याच क्षणात दुप्पट हवा बाजूस सारावी लागते, व ती दुप्पट जोराने सारावी लागते. म्हणून हवेचा विरोध चौपट होतो. परंतु शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. विरोध चौपट, वेग दुप्पट, म्हणून लागणारी शक्ती आठपट. एका मध्यम आकाराच्या मोटारीचा हिशेब आम्ही फळ्यावर करून दाखविला. केवळ हवा बाजूस सारण्यास ताशी 100 किलोमीटरला सुमारे 11 अश्वशक्ती, 200 ला सुमारे 91 व 300 ला सुमारे 307 अश्वशक्ती लागते. चाकांचे घर्षण व यंत्रातील गळती यांवेगळीच. तेव्हा 160 अश्वशक्तीने त्या मुलाच्या वडिलांची मोटार ताशी 320 नव्हे, तर फार झाले तर 200 च्या आसपास गेली असती. तीही दंतचक्रांनी तितकी मोकळीक दिली तर.

‘म्हणजे धोका कमीच झाला,’ असे मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले. त्यास आम्ही दुसरा हिशेब घातला. धावत्या वस्तूची ऊर्जाही वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग किती आहे हे समजण्यास, तितका वेग येण्यासाठी वस्तू किती उंचीवरून पडावी लागेल हे पाहावे. ताशी 50 किलोमीटरला ही उंची सुमारे 10 मीटर भरते, म्हणजे तीन मजले. ताशी 100 ला 39 मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर 85 मीटर उंच आहे. त्याच्या टोकावरून पडलेला दगड वाऱ्याचा अडथळा न धरता खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 147 किलोमीटर असतो. ताशी 200 साठी जवळजवळ दोन राजाबाई टॉवर एकावर एक ठेवावे लागतील. थांबण्याचे अंतरही त्याच मानाने वाढते. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 100 च्या वेगात असता धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत मोटार सुमारे 84 मीटर पुढे जाते. यात मन सावध होण्यास एक सेकंद धरला आहे. वेग 200 असता हेच अंतर 280 मीटरांवर जाते. आमच्या शाळेचे फाटक ते मैदानाचे दुसरे टोक हे अंतर मुलांनी पावलांनी मोजून पाहिले. ते पुरले नाही.

तथापि यंत्र व हवा यांपेक्षा टायर या वस्तूनेच आमचे लक्ष अधिक वेधले. गोफण फिरविली असता दगड बाहेर ओढ घेतो, तद्वत् फिरत्या चाकाच्या कडेचे रबर सतत बाहेर निसटू पाहते. एक तोळाभर रबर घ्या. ताशी 200 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साध्या मोटारीच्या चाकावर ते आपल्या वजनाच्या सुमारे हजारपट जोराने बाहेर ओढले जाते. आजोबांच्या मापाने सांगावयाचे तर तोळ्याचे तेरा शेर होतात. टायरवर असे कितीतरी तोळे रबर असते, व प्रत्येक तोळा आपापले तेरा शेर ओढीत असतो. यातच जमिनीला टेकणारा भाग दर फेऱ्यास एकदा चपटा होऊन पुनः गोल होतो. त्या मर्दनाने रबर तापते. हवा कमी भरलेली असली तर अधिक चपटा होतो व अधिक तापतो. कोठे जुनी चीर असेल, आतील धागे सैल झाले असतील, तर प्रथम वरचा थर सुटतो व पाठोपाठ सारे चाक फाटते. म्हणूनच प्रत्येक टायरच्या कुशीवर एक इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ‘एस’ म्हणजे ताशी 180 किलोमीटर, ‘टी’ म्हणजे 190, ‘एच’ म्हणजे 210, ‘व्ही’ म्हणजे 240. ही नव्या, निर्दोष व योग्य हवा भरलेल्या टायरची मर्यादा आहे. यंत्राची शक्ती वाढविणारा उत्साही मनुष्य हे अक्षर क्वचितच वाचतो.

पर्सी लँबर्ट या इंग्रज तरुणाची कथा या ठिकाणी सांगितली पाहिजे. लंडनजवळ ब्रूकलँड्स येथे 1907 साली मोटारींसाठी खास बांधलेला वर्तुळाकार मार्ग खुला झाला. तेथे 15 फेब्रुवारी 1913 रोजी लँबर्टने एका तासात 103 मैलांहून अधिक अंतर तोडले. एका तासात शंभर मैल जाणारा तो पहिला मनुष्य. त्याची टॅल्बॉट मोटार राक्षसी नव्हती. बाजारात मिळणाऱ्या सांगाड्यावरच हवा कापणारे नवे अंग चढविलेले होते. पुढे हा मान दुसऱ्यांनी घेतला, व तो परत मिळवावा असे लँबर्टच्या मनाने घेतले. त्याचे लग्न ठरले होते. हा एवढा प्रयत्न झाला की शर्यत सोडीन, असे त्याने वाग्दत्त वधूस वचन दिले होते. 31 ऑक्टोबर 1913 रोजी तो मार्गावर उतरला. काही फेऱ्या नीट झाल्या. मग मागचा एक टायर फुटला, मोटार उलटली, आणि लँबर्ट गेला. यंत्र बिघडले नव्हते, हातही चुकला नव्हता.

यावर कोणी म्हणेल की त्या काळचे रबर कच्चे होते. बरे, तर 93 वर्षांनंतरचे उदाहरण घ्या. 20 सप्टेंबर 2006 रोजी इंग्लंडात एल्व्हिंग्टनच्या विमानतळावर दूरचित्रवाणीचे प्रसिद्ध निवेदक रिचर्ड हॅमंड हे एक जेट मोटार हाकीत होते. हे गृहस्थ मोटारींचे जाणते, पण असल्या गाडीचे धंदेवाईक चालक नव्हेत. वेग ताशी 288 मैल असता पुढील उजवा टायर फुटला व गाडी उलटीपालटी होत मातीत घुसली. ते वाचले, मेंदूस मोठी दुखापत झाली व बरे होण्यास बराच काळ लागला. ते वाचले याचे कारण गाडीभोवती पोलादी पिंजरा होता, अंगावर पट्टे व डोक्यावर शिरस्त्राण होते, आणि मदतीची माणसे विमानतळावरच हजर होती. घरच्या मोटारीत पहाटे बायपासवर यांपैकी काय असते?

मोटारीच्या आकाराविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. घरची मोटार कडेने पाहिली तर खाली सपाट व वर कमान असते. पक्ष्याच्या पंखाचा आकार असाच असतो. वेग वाढला की वरची हवा खालच्या हवेपेक्षा त्वरेने धावते, वरचा दाब घटतो व मोटार जमिनीवरून किंचित उचलली जाऊ लागते. बाजारहाटाच्या वेगाला हे जाणवत नाही. पण ही उचलही वर्गाप्रमाणेच वाढते, आणि ज्या वेळी चाकांना पकड हवी असते त्याच वेळी ती पकड चोरीस जाते. शिवाय बाणाचा दृष्टान्त पाहा. बाणाला लोखंडी टोक पुढे व पिसे मागे का असतात? वजन पुढे व वाऱ्याचा जोर मागे पडला तर बाण सरळ जातो. बाण उलटा सोडला तर तो हवेत फिरतो. घरच्या मोटारीत पुष्कळदा वाऱ्याचा जोर वजनाच्या मध्याच्या पुढे पडतो. शहरात त्याचे काही बिघडत नाही. मात्र पुष्कळ वेगात ती जराशी तिरकी झाली की वारा तिला सरळ न करता अधिकच तिरकी करतो, व एकदा आडवी झाली म्हणजे कुशीखाली शिरलेली हवा तिला उचलून टाकते. म्हणून बॉनेव्हिलच्या पुष्कळ मोटारींना मागे माशासारखे उभे पंख लावलेले दिसतात व शिसे शक्य तितके पुढे ठेवितात. मागे उघडणारी हवाई छत्री केवळ थांबण्यासाठी असते असे आम्ही समजत होतो. वास्तविक ती बाणाच्या पिसांचेही काम करते. घसरू लागलेल्या मोटारीचे शेपूट ओढून धरते.

आता तेथील हौशी मनुष्य मिठावर पाऊल ठेवण्यापूर्वी काय करतो ते पाहा. मोटारीत जाड नळ्यांचा पिंजरा जोडलेला पाहिजे, अग्निशामक साधन बसविलेले पाहिजे, अंगात न जळणारा पोशाख, छाती व कंबर बांधणारे पट्टे व खिडकीस जाळी पाहिजे. ठरावीक वेगापलीकडे हवाई छत्री पाहिजे. तपासनीस एकेक वस्तू हाताने हलवून पाहतात. सर्व पोशाख चढवून व पट्टे बांधून बसलेल्या चालकास, आग लागली असे समजून, स्वतः बाहेर पडून दाखवावे लागते. नवख्यास एकदम पुरा वेग घेता येत नाही. एका पायरीचा वेग नीट करून दाखविला म्हणजे पुढील पायरीचा परवाना; अशा पायऱ्या चढत दोनशे मैलांपर्यंत जाण्यास कित्येकांची वर्षे जातात. मार्गावर एका वेळी एकच मोटार धावते. उच्चांक एका धावेवर देत नाहीत. दोन धावांची सरासरी धरतात, म्हणजे नशिबाचा वारा हिशेबातून निघून जातो. आणि इतके करून मिळते काय? पैशाचे बक्षीस नाही. वहीत नाव लागते. ताशी दोनशे मैलांवर उच्चांक करणाऱ्यांचे एक मंडळ 1953 साली निघाले. त्याची टोपी मिळावी म्हणून माणसे अर्धे आयुष्य घालवितात.

हे हास्यास्पद आहे असे आम्हांस एके काळी वाटले असते. आता वाटत नाही. न्यूझीलंडचा बर्ट मन्रो हा 1920 साली बनलेली ‘इंडियन’ मोटारसायकल आयुष्यभर घरीच सुधारीत राहिला. मुळात तिचा वेग ताशी पन्नास-पंचावन्न मैल. दट्टे तो स्वतः ओतीत असे व जे मोडले ते फळीवर मांडून ठेवीत असे. 1967 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, त्याने बॉनेव्हिलवर त्याच मोटारसायकलीवर ताशी 183 मैलांहून अधिक वेगाचा उच्चांक केला. एवढ्या वर्षांच्या चिकाटीचा आम्हांस आदर वाटतो. ती चिकाटी एका पहाटेत उरकता येत नाही, ही अडचण आहे.

आपल्या देशात सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीवाचून वेगाची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, 1988 च्या 189 व्या कलमान्वये गुन्हा आहे. कायद्याचे कारण उघड आहे: मिठावर धावणारा स्वतःच्या जिवाचा जुगार खेळतो, रस्त्यावर धावणारा दूधवाल्याच्या जिवाचाही खेळतो, व त्या बिचाऱ्यास कोणी विचारलेले नसते. ज्यास खरोखर हौस आहे त्यास वाट अगदीच बंद नाही. आपल्या महाराष्ट्रातच, लोणावळ्यापलीकडील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, 2010 नंतरच्या दशकात ‘व्हॅली रन’ नावाच्या पाव मैलाच्या शर्यती रीतसर झालेल्या आहेत. त्याही मोठ्यांसाठी व परवानाधारकांसाठी.

त्या मुलाशी आमचे बोलणे सुमारे महिनाभर चालले. मामेभावासही त्याने एकदा शाळेत आणले. तो अबोल पण हुशार तरुण निघाला. वेगाच्या घनाचे सूत्र त्याने आमच्यापेक्षा लवकर आत्मसात केले, व ‘मग पैसे यंत्रावर घालण्यात अर्थ नाही,’ असे स्वतःच म्हणाला. बायपासचा विषय आम्ही काढला नाही. त्यांनीही काढला नाही. पुढे तो रस्ता खुला झाला व त्यावर उसाच्या गाड्या जाऊ लागल्या.

नाताळच्या सुट्टीपूर्वी मुलगा पुनः आमच्याकडे आला. त्याने वडिलांच्या मोटारीच्या चारी टायरांवरील अक्षरे उतरून आणली होती. अक्षर ‘टी’ होते. त्याखेरीज लंबगोल चौकटीत चार अंक होते, 3214, व त्यांचा अर्थ त्याने मामेभावास विचारून घेतला होता: 2014 सालच्या 32 व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वयानेही कडक होऊन तडकते, मग नक्षी कितीही शाबूत दिसो. ‘बाबांना दाखविले, सर,’ तो म्हणाला. ‘त्यांनी आठ दिवसांत चारही बदलले. आता गाडी ताशी साठनेच चालवितात, तरी आई म्हणते आवाज कमी येतो.’ मग जरा थांबून त्याने विचारले, ‘सर, आपल्या गाडीचे कोणते साल आहे?’

आमची गाडी चिंचेखाली उभी होती. आम्ही दोघे तेथे गेलो. अंकांवर चिखल बसला होता. मुलाने तो रुमालाने पुसला व वाचले: 1813.